ब्राउझरमधील विदागार व संकालन

आंतरजालावरील पृष्ठे दाखविणाऱ्या ब्राउझर या आज्ञावलीच्या आतच, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावर वा भ्रमणध्वनीवर, माहितीचा सुव्यवस्थित साठा करण्याची जी सोय असते तिला ब्राउझरमधील विदागार म्हणतात. जालजोडणी उपलब्ध होताच हा स्थानिक साठा आणि दूरस्थ सर्व्हरवरील साठा एकमेकांशी जुळवून घेण्याच्या क्रियेस संकालन (रूढ शब्द ‘सिंक’) असे नाव आहे. या दोन्ही क्रिया पृष्ठकर्त्याला दरवेळी तपशीलवार आज्ञा न लिहिता केवळ एका खुणेच्या साहाय्याने पृष्ठात समाविष्ट करता याव्यात, यासाठी घोषणात्मक वेब घटकांचा उपयोग केला जातो. [⟶ विदा संस्करण].

गरज व पार्श्वभूमी : वेबची मूळ रचना जोडणी अखंड आहे असे गृहीत धरणारी होती. पृष्ठ मागावे, सर्व्हरने ते द्यावे, भरलेला नमुना पुन्हा सर्व्हरकडे पाठवावा, असा तिचा क्रम होता. जोडणी तुटताच हा क्रम खंडित होतो आणि भरलेली माहिती नाहीशी होण्याचा संभव असतो. शहरी कार्यालयात ही गैरसोय ठरते. ग्रामीण व डोंगराळ प्रदेशात मात्र तीमुळे मूळ कामच अशक्य होऊ शकते.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत हा प्रश्न स्पष्टपणे दिसतो. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य रांगेला भिडलेला असून नाणेघाट जुन्नर तालुक्यात येतो, तर भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग आंबेगाव तालुक्यात मोडतो. कुकडी, मीना व घोड या नद्यांवर अनुक्रमे माणिकडोह, वडज व डिंभे ही धरणे आहेत. पूर्वेकडील नारायणगाव व मंचर यांच्या परिसरात ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो यांसारखी बागायती पिके होतात. पश्चिमेकडील महादेव कोळी, ठाकर इ. आदिवासींच्या वस्तीच्या गावांत भात हे खरिपाचे मुख्य पीक असून त्याखालोखाल नाचणी व वरई घेतात. कडे व खोल दऱ्या यांमुळे रेडिओ तरंग अडतात. परिणामी एखाद्या वाडीत जोडणी मिळते, पण त्याच वाडीच्या भातखाचरात ती मिळत नाही, असे घडते. नोंद मात्र खाचरातच करावी लागते.

ई-पीक पाहणी : ही अडचण ज्या शासकीय व्यवहारात प्रत्यक्ष उद्भवते, तो म्हणजे पिकांची नोंद. जमिनीच्या सात-बारा उताऱ्यातील गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख असून गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. ही नोंद पूर्वी तलाठी करीत असे. महाराष्ट्र शासनाच्या महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने विकसित केलेला ‘ई-पीक पाहणी’ हा प्रकल्प १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविण्यात आला आणि खातेदाराला आपल्या भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद स्वतः करता येऊ लागली. खाते व गट क्रमांक निवडणे, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीचा दिनांक भरणे आणि शेतात उभे राहून अक्षांश-रेखांशांसह पिकाचे छायाचित्र घेणे, अशा तिच्या पायऱ्या होत. पुढे ही पद्धत केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडण्यात आली.

या नोंदीवर पीक कर्ज, पीक विमा, नैसर्गिक आपत्तीतील नुकसानभरपाई आणि आधारभूत किंमतीने होणारी खरेदी यांसारखे लाभ अवलंबून असतात. म्हणून नोंद भरणे व ती सर्व्हरवर पोहोचणे या दोन भिन्न घटना आहेत, ही गोष्ट खातेदाराच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. ई-पीक पाहणीचा अनुप्रयोग भ्रमणध्वनीवर स्वतंत्रपणे बसवावा लागतो. तो ब्राउझरमध्ये चालत नाही. तथापि त्यातही माहिती नोंदविणे व ती ‘अपलोड’ करणे अशा दोन वेगळ्या पायऱ्या ठेवलेल्या आढळतात. आधी स्थानिक साठवण व मागाहून संकालन, हे या लेखातील तत्त्व त्यामागे आहे. पुढील विवेचनात पीक नोंदीचेच उदाहरण घेतले आहे.

ऐतिहासिक आढावा : ब्राउझरमध्ये माहिती ठेवण्याचे पहिले प्रचलित साधन म्हणजे ‘कुकी’ होय. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ते १९९४ मध्ये योजिले. कुकीची क्षमता सुमारे चार किलोबाइट असून ती प्रत्येक मागणीबरोबर सर्व्हरकडे जाते. त्यामुळे ती ओळख पटविण्यास सोयीची, पण साठवणीस निरुपयोगी ठरते. त्यानंतर आलेल्या ‘लोकल स्टोरेज’ या साधनाची क्षमता साधारणपणे पाच मेगाबाइट असते. त्यात केवळ अक्षरमालिका ठेवता येतात आणि वाचन-लेखन चालू असताना पृष्ठाचे इतर कार्य थांबून राहते. छायाचित्रांसह केलेल्या नोंदींना ते अपुरे पडते.

गूगल कंपनीने २००७ मध्ये ‘गिअर्स’ हे जोडसाधन प्रसिद्ध करून जोडणीविना चालणाऱ्या पृष्ठांचा पाया घातला. त्याच सुमारास ‘वेब एसक्यूएल’ या नावाने कोष्टकरूप विदागाराचे प्रमाणक तयार होऊ लागले. परंतु ते अंमलात आणणारे सर्व ब्राउझर ‘एसक्यूलाइट’ या एकाच आज्ञावलीवर विसंबून होते. स्वतंत्र अंमलबजावणीच्या अभावी प्रमाणक सिद्ध होऊ शकत नाही, या कारणास्तव वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने नोव्हेंबर २०१० मध्ये त्यावरील काम थांबविले. त्याऐवजी पुढे आलेल्या ‘इंडेक्स्ड डीबी’ या विदागाराला संस्थेने ८ जानेवारी २०१५ रोजी अंतिम शिफारशीचा दर्जा दिला. त्याची दुसरी आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये मान्य झाली.

विदागाराची रचना : इंडेक्स्ड डीबीमध्ये कोष्टकांऐवजी वस्तुभांडारे असतात. प्रत्येक भांडारातील नोंदीला एक कळ असते आणि अन्य गुणधर्मांवर सूची बांधता येते, उदा., पीक नोंदींच्या भांडारात नोंद क्रमांक ही कळ आणि गट क्रमांक ही सूची ठरविल्यास एका गटातील सर्व नोंदी त्वरित मिळतात. संख्या, दिनांक, अनेकपदरी वस्तू आणि छायाचित्रांच्या फाइली या सर्वांची त्यात जशीच्या तशी साठवण होते. एका संकेतस्थळाने निर्माण केलेला साठा दुसऱ्या संकेतस्थळाला वाचता येत नाही. सर्व कार्ये असमकालिक असतात, म्हणजे विनंती केल्यावर पृष्ठ थांबून राहत नाही. उत्तर तयार झाल्यावर तशी सूचना मिळते.

वाचन-लेखन ‘व्यवहार’ या एककात होते. एका व्यवहारातील सर्व लेखने एकतर पूर्ण होतात किंवा त्यांपैकी एकही होत नाही. व्यवहारापुढे कोणतीही विनंती प्रलंबित न उरल्यास तो आपोआप पूर्ण होतो. म्हणून व्यवहार चालू असताना सर्व्हरच्या उत्तराची प्रतीक्षा करता येत नाही. उत्तर येईपर्यंत व्यवहार मिटलेला असतो. स्थानिक लेखन व जालावरील प्रेषण ही कामे अलग ठेवावी लागतात, त्याचे एक कारण हे आहे. विदागाराची रचना बदलावयाची असल्यास आवृत्ती क्रमांक वाढवावा लागतो आणि तेच पृष्ठ दुसऱ्या खिडकीत जुन्या आवृत्तीसह उघडे असल्यास हा बदल अडून राहतो.

घोषणात्मक वेब घटक : इंडेक्स्ड डीबी समर्थ असले, तरी त्याच्या आज्ञा लांबलचक आहेत. विदागार उघडणे, आवृत्ती तपासणे, व्यवहार सुरू करणे, विनंती करणे, यश व अपयश यांच्या सूचना ऐकणे अशा पायऱ्या प्रत्येक पृष्ठात पुन्हा लिहाव्या लागतात आणि पायरीगणिक चुकीला वाव राहतो. कार्य कसे करावयाचे हे क्रमाने सांगणाऱ्या लेखनास आज्ञार्थी लेखन म्हणतात. याउलट काय हवे एवढेच सांगणाऱ्या लेखनास घोषणात्मक लेखन असे म्हणतात. वेब पृष्ठांची एचटीएमएल ही भाषा मुळातच घोषणात्मक आहे. परिच्छेदाची खूण लिहिणाऱ्याला ओळी कोठे मोडावयाच्या हे सांगावे लागत नाही.

याच भाषेत स्वतःच्या खुणांची भर घालण्याची सोय म्हणजे वेब घटक. ही कल्पना ॲलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये मांडली. तिची तीन अंगे आहेत : नवी खूण नोंदविण्याची सोय, घटकाची अंतर्गत रचना व शैली उर्वरित पृष्ठापासून अलग ठेवणारी छायारचना आणि पुनःपुन्हा वापरता येणारा साचा. नव्या खुणेच्या नावात किमान एक संयोगचिन्ह असावे लागते. त्यामुळे भविष्यात एचटीएमएलमध्ये येणाऱ्या खुणांशी तिचा गोंधळ होत नाही. घटक पृष्ठात जोडला जाणे, त्याचा गुणधर्म बदलणे व तो पृष्ठातून काढला जाणे या प्रसंगी ब्राउझर घटकाला सूचना देतो. विदागार उघडणे, पुन्हा वाचणे व मिटणे ही कामे या तीन प्रसंगांशी बांधता येतात.

घटक दृश्य असलाच पाहिजे असे नाही. काहीही न दाखविता केवळ साठवणीचे काम करणारा घटकही पृष्ठात ठेवता येतो. अशा खुणेचा आशय मराठीत मांडल्यास तो <पीक-साठा भांडार="नोंदी" कळ="नोंद-क्रमांक" संकालन="जोडणी-मिळताच"> असा दिसेल. शेजारच्या यादी दाखविणाऱ्या घटकाला या साठ्याशी जोडले, की नवी नोंद होताच यादी आपोआप बदलते. गूगलच्या पॉलिमर प्रकल्पाने अशा साठवण-घटकांचा एक संच उपलब्ध केला होता. त्यातील एक घटक सर्व्हरवरील माहितीची केवळ वाचनासाठी स्थानिक प्रतिकृती ठेवी, तर दुसरा ‘पाउच डीबी’ या विदागाराशी जोडलेला होता. पॉलिमरचे स्थान पुढे ‘लिट’ या सुटसुटीत साधनाने घेतले.

या पद्धतीचा लाभ म्हणजे साठवणीचा अवघड भाग एकदाच काळजीपूर्वक लिहिला जातो व तपासला जातो. तिची मर्यादाही याच गुणातून उद्भवते. खुणेमागे काय घडते हे झाकले गेल्याने पृष्ठकर्ता अपयशाचा विचार करीत नाही. नोंद स्थानिक साठ्यात आहे की सर्व्हरवर पोहोचली आहे, हा भेद झाकणारा घटक सोयीचा दिसला तरी घातक असतो. म्हणून ‘या साधनावर जतन’, ‘पाठविणे बाकी’, ‘पोहोच मिळाली’ व ‘नाकारली’ या अवस्था दृश्य घटकाने स्वतंत्रपणे दाखविणे आवश्यक मानतात.

संकालनाची कार्यपद्धती : संकालनात प्रेषण व ग्रहण असे दोन भाग असतात. प्रेषणासाठी ‘पाठवणीची रांग’ ठेवतात. नोंद भांडारात लिहिताना त्याच व्यवहारात रांगेतही तिची खूण लिहिली जाते. नोंद झाली पण रांगेत आली नाही, अशी स्थिती त्यामुळे उद्भवत नाही. जोडणी मिळताच रांगेतील नोंदी क्रमाने सर्व्हरकडे जातात आणि पोहोच मिळाल्यावरच रांगेतून काढल्या जातात.

येथे एक नेहमीची अडचण येते. नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण पोहोचेचा संदेश परतीच्या वाटेवर हरवला, तर साधन तीच नोंद पुन्हा पाठविते. नोंदीला क्रमांक सर्व्हरने द्यावयाचा असल्यास एकाच भातखाचराच्या दोन नोंदी तयार होतात. त्यावर उपाय म्हणून नोंद क्रमांक साधनावरच, पुनरावृत्तीची शक्यता नगण्य राहील अशा यादृच्छिक पद्धतीने ठरवितात. सर्व्हरला तोच क्रमांक पुन्हा दिसल्यास तो नवी नोंद न करता केवळ पोहोच देतो.

ग्रहणासाठी सर्व्हर प्रत्येक बदलाला चढता अनुक्रमांक देतो. साधन आपल्याकडे शेवटी आलेला अनुक्रमांक लक्षात ठेवते आणि त्यापुढील बदलच मागते. काढून टाकलेल्या नोंदीच्या जागी ‘रद्द’ अशी खूण राखून ठेवावी लागते. अन्यथा दीर्घकाळ जोडणीबाहेर राहिलेल्या साधनाला ती नोंद रद्द झाल्याचे कळत नाही. डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘काउच डीबी’ या विदागारात अशी प्रतिकृतीची पद्धत अंगभूत आहे. पाउच डीबी तीच पद्धत ब्राउझरमध्ये आणते.

विसंगती व तिचे निराकरण : एकच नोंद दोन साधनांवर, परस्परांशी संपर्क नसताना बदलली गेल्यास विसंगती निर्माण होते. सर्वांत सोपा नियम म्हणजे शेवटचा बदल ग्राह्य धरणे. परंतु ‘शेवटचा’ कोणता हे साधनातील घड्याळावरून ठरविल्यास चुकीच्या घड्याळाचा बदल विजयी होतो. विखुरलेल्या यंत्रणेत घटनांचा क्रम केवळ घड्याळावरून ठरविता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवून घटनांच्या कार्यकारण क्रमावर आधारलेली गणनापद्धती सुचविली. काउच डीबीमध्ये सर्व प्रतिकृती एकाच नियमाने एक आवृत्ती पुढे ठेवतात आणि मागे पडलेली आवृत्ती नष्ट न करता निर्णयासाठी राखून ठेवतात. मार्क शापिरो व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये विशद केलेल्या विसंगतिमुक्त प्रतिकृत विदाप्रकारांत बदल कोणत्याही क्रमाने आले, तरी सर्व प्रतिकृती अखेर एकाच स्थितीला पोहोचतात. मार्टिन क्लेपमन इत्यादींनी २०१९ मध्ये मांडलेल्या ‘स्थानिक-प्रथम’ विचाराला याच संशोधनाचा आधार आहे.

मात्र प्रतिकृती एकरूप होणे म्हणजे त्यांतील माहिती खरी असणे नव्हे. समजा, एक हेक्टरच्या सामाईक गटात एका भावाने ०·६० हेक्टर भात व दुसऱ्याने आपल्या भ्रमणध्वनीवर ०·६० हेक्टर नाचणी नोंदविली. दोन्ही नोंदी आपापल्या साधनावर निर्दोष आहेत, त्यांचे क्रमांक भिन्न आहेत आणि संकालनात त्यांचा संघर्षही होत नाही. तरी बेरीज गटाच्या क्षेत्राहून अधिक होते. सर्व साधनांवरील नोंदींना मिळून लागू पडणारा असा नियम एका साधनाला जोडणीविना तपासता येत नाही. तो सर्व्हरवरच तपासावा लागतो आणि कोणाचे क्षेत्र खरे, हा निर्णय अखेर मनुष्यालाच करावा लागतो. ई-पीक पाहणीच्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत खातेदाराला ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्ती करण्याची मुभा आणि किमान दहा टक्के नोंदींची तलाठ्याकडून पडताळणी अशा तरतुदी ठेवण्यात आल्या, त्यांचे महत्त्व या दृष्टीने लक्षात येते.

मर्यादा : ब्राउझरमधील साठा कायमचा नसतो. साधनावरील जागा कमी पडल्यास ब्राउझर तो पुसू शकतो; चिरस्थायी साठ्याची परवानगी मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. ॲपल कंपनीच्या सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून, वापरणाऱ्याने ज्या संकेतस्थळाशी ब्राउझरच्या वापराच्या सात दिवसांत संपर्क केलेला नाही, त्याचा असा साठा पुसण्याचे धोरण स्वीकारले. मुख्य पडद्यावर स्वतंत्रपणे बसविलेली पृष्ठे त्यातून वगळली आहेत. खाजगी खिडकीतील साठा खिडकी मिटताच जातो. पृष्ठ बंद असताना पार्श्वभूमीत संकालन करण्याची सोय सर्व ब्राउझरांत नाही. म्हणून पृष्ठ पुन्हा उघडताच रांग तपासण्याची व्यवस्था ठेवावी लागते. इंडेक्स्ड डीबी साठा आपण होऊन कूटबद्ध करीत नाही. एकच भ्रमणध्वनी अनेक कुटुंबीय किंवा शेजारी वापरीत असल्यास एकाची माहिती दुसऱ्याला दिसू शकते. साधन हरवल्यास न पाठविलेल्या नोंदीही त्याबरोबर जातात.

याशिवाय उशिरा होणारे संकालन प्रत्येक कामास योग्य नसते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक यंत्रणा आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशक तबकड्या सुमारे २५ किमी. विस्तारात पसरलेल्या असून त्यांचे संकेत प्रकाशीय तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणून एकमेकांशी ताडून पाहतात. तेथे जोडणी अखंडच असावी लागते. पीक नोंद काही दिवस थांबू शकते. धोक्याची सूचना मात्र थांबू शकत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गाव नाहीसे झाल्याचे त्या मार्गावरील एस. टी. बसच्या चालकाच्या प्रथम लक्षात आले. अशा प्रसंगी उपयोगी पडेल ती तात्काळ संदेशवहनाची व्यवस्था. स्थानिक साठा तिची जागा घेऊ शकत नाही.

वापराची दिशा : तुटक जोडणीच्या प्रदेशात आरोग्य सर्वेक्षण, वन्यप्राण्यांच्या वावराच्या नोंदी, हिरड्यासारख्या वनोपजाची खरेदी, शाळांतील हजेरी इ. अनेक कामांना स्थानिक साठवण व संकालन यांची पद्धती उपयोगी आहे. घोषणात्मक घटकांमुळे अशी पृष्ठे तयार करणे सुलभ होते. परंतु तांत्रिक सुलभतेबरोबरच नोंद केव्हा ‘झाली’ असे मानावे, याचा नियमही स्पष्ट असावा लागतो. खातेदाराने मुदतीत शेतात केलेली नोंद जोडणीअभावी मुदतीनंतर सर्व्हरवर पोहोचली, तर ती ग्राह्य धरावी की नाही, याचे उत्तर कोणतेही विदागार देऊ शकत नाही. ते प्रशासकीय नियमानेच द्यावे लागते. साधनावरील नोंदीचा क्षण व सर्व्हरवरील पोहोचेचा क्षण हे दोन्ही स्वतंत्रपणे जतन केले, तरच असा नियम न्यायाने लावता येतो. घड्याळ चुकीचे असू शकत असल्याने साधनावरील क्षण हा एकमेव पुरावा न मानता छायाचित्र, स्थान व प्रत्यक्ष पडताळणी यांची त्याला जोड द्यावी लागते.